नाटक अखंड ऐकावे म्हणून

(प्रस्तावना)

अण्णासाहेब किर्लोस्करांची संगीत नाटके तीन. 'शाकुंतल'ने मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला. 'सौभद्र'ने ती रंगभूमी घराघरांत नेली. तिसरे 'रामराज्यवियोग'; त्याचे नाव निघाले की चांगले जाणकारही क्षणभर थांबतात. पुढच्या पानांत या तिन्ही नाटकांची ओळख करून दिली आहे, पण ती वाचकाला नव्हे, ऐकणाऱ्याला. कोणते पद कोणाच्या तोंडी आहे, ते कोणत्या प्रसंगी येते, त्याआधी काय बोलले गेले आहे आणि त्यानंतर काय घडते, हे क्रमाने सांगावे एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे. इतके साधे काम करायला एक पुस्तिका का लागावी, याचे उत्तर मात्र थोडे लांबचे आहे. ते पॅरिसहून निघून बेळगावच्या टिळकवाडीला पोचते.

या पुस्तिकेची कल्पना सुचली ती एका फ्रेंच ऑपेराच्या ध्वनिमुद्रणामुळे. ऑपेराचे नाव 'वास्को द गामा'. रचनाकार जाकोमो मायरबेर. बेळगावकराला हे नाव नवे नाही. टिळकवाडीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या रेल्वे गेटवरून खानापूर-लोंढ्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पाटीवर ते लिहिलेले असते. त्याच नावाचा एक ऑपेरा आहे, तो पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहायला घेतला गेला, आणि त्याच्या उत्तरार्धात रंगमंचावर ब्रह्मा, विष्णू, शिव यांच्या नावाने शपथा घेतल्या जातात, हे मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी सांगितले असेल.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मायरबेरचे स्थान काय होते ते आधी सांगायला हवे. 'ग्रँड ऑपेरा' म्हणून जो भव्य प्रकार तिथे रुळला, त्याचा तो सर्वांत मोठा कर्ता. चार-पाच अंक, इतिहासातला एखादा पेटता प्रसंग, मोठा वाद्यवृंद, त्याहून मोठा गायकसमूह, मध्ये नृत्य आणि डोळे दिपवणारे देखावे. त्याचा 'रोबेर ल दियाब्ल' 1831 साली आला आणि युरोपभर गाजला. 1836 सालचा 'ले युगनो' पॅरिसच्या ऑपेरात हजार प्रयोगांचा टप्पा गाठणारा पहिला ऑपेरा ठरला. 1849 च्या 'ल प्रोफेत'मध्ये सूर्योदय दाखवायला विजेचा दिवा वापरला होता. 'वास्को'चा करार त्याने संहिताकार युजेन स्क्रीबबरोबर 1837 साली केला, आणि मध्ये इतर कामे करत पाव शतकाहून अधिक काळ तो या एका कृतीकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला. 1861 साली स्क्रीब गेला. 2 मे 1864 रोजी, तालमी सुरू होण्याआधीच, मायरबेरही गेला.

मागे राहिले ते अवाढव्य हस्तलिखित. तालमीत गायकांना ऐकत, काटछाट करत, नवे लिहीत कृतीला शेवटचा आकार देणे ही मायरबेरची कायमची रीत होती. तो शेवटचा हात या ऑपेरावर फिरलाच नाही. ते काम संगीतज्ञ फेतिसकडे आले. त्याने बरेच कापले, काही प्रसंग हलवले, शब्द बदलले आणि नावही बदलले. 28 एप्रिल 1865 रोजी रंगमंचावर आला तो 'लाफ्रिकेन', म्हणजे 'आफ्रिकेची स्त्री'. नायिका सेलिका ही आफ्रिकेच्या बाजारात विकली गेलेली गुलाम, पण मुळात हिंदी महासागरातल्या एका बेटाची राणी. तिचे लोक ब्रह्मदेवाची पूजा करणारे. नव्या नावाने तिचा देशच पुसट झाला. ऑपेरा तरी जगभर चालला. पुढे ग्रँड ऑपेराची हवा ओसरली. इतके गायक, इतका समूह, इतका खर्च झेपेना. मायरबेरवर वाग्नरने ज्यूद्वेषातून केलेल्या लिखाणाचा परिणाम दीर्घकाळ टिकला, आणि नाझी राजवटीत तर जर्मनीत त्याचे संगीत वाजवायलाच बंदी होती. त्याची नाटके एकेक करून रंगमंचावरून उतरली.

उरले काय? 'लाफ्रिकेन'मधले एक गीत. नव्या भूमीवर पाय ठेवलेला वास्को तिथल्या सौंदर्याने भारावून गातो ते. 1907 साली एन्रीको कारुसोने ते इटालियन भाषेत तबकडीवर गायले, आणि त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या गायकांनी त्याचाच कित्ता गिरवला. अनेक पिढ्यांच्या लेखी अख्खा ऑपेरा म्हणजे ते काही मिनिटांचे गीत. गाणाऱ्याभोवती त्या वेळी त्याच्या सहप्रवाशांची कत्तल चालली आहे, त्याच्याही जिवावर तलवार लटकते आहे आणि पुढच्या काही क्षणांत एक स्त्री खोटे बोलून त्याला वाचवणार आहे, हे त्या तबकडीवर कुठेच नव्हते.

फेब्रुवारी 2013 मध्ये जर्मनीतल्या केमनित्स शहराच्या ऑपेराने मायरबेरच्या हस्तलिखितावरून तयार केलेली संहिता रंगमंचावर आणली, मूळ नावानिशी. संचालक होते फ्रांक बेअरमान. सीपीओ या कंपनीने त्याचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. ते चार तासांहून मोठे आहे. ते ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की नाटक वास्कोचे नाही, सेलिकाचे आहे. लिस्बनच्या सभेत ती गप्प उभी आहे. तुरुंगात झोपलेल्या वास्कोला ती वारा घालते. तिच्यावर प्रेम करणारा नेलुस्को सूडाने जहाज खडकांकडे नेतो. स्वतःच्या बेटावर ती राणी म्हणून सिंहासनावर बसते आणि वास्कोला वाचवायला 'हा माझा पती' असे जाहीर करते. शेवटी वास्कोला त्याच्या पोर्तुगीज प्रेयसीसह जहाजावर चढवून देते आणि विषारी फुलांच्या झाडाखाली जीव सोडते. तुकड्यांत ऐकले तर ही गोष्ट एका धाडसी दर्यावर्द्याची वाटते. सलग ऐकली की ती त्याच्या धाडसाची किंमत मोजणाऱ्या बाईची होते.

यात आपल्या किनाऱ्याचे चित्र खरे आहे असे कोणी समजू नये. पॅरिसमध्ये बसून ऐकीव गोष्टींवर रचलेला तो देश आहे. खरा वास्को 1498 साली कालिकतला उतरला आणि 1524 साली कोचीला मेला. त्याच्या पाठोपाठ आलेल्यांनी 1510 साली गोवे घेतले, त्यानंतर काय झाले ते गोव्याच्या आणि आपल्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या सांगितले आहे. तो इतिहास या ऑपेरात नाही. पण आक्रमकाच्या भाषेत, आक्रमकाच्या नावाने लिहिलेल्या नाटकात सगळ्यांत उंच स्वर हिंदी राणीचा निघावा, हे संपूर्ण ऐकल्याशिवाय कळत नाही. दीड शतक ते कळले नाही, कारण संपूर्ण ऐकण्याची सोय नव्हती.

इथेच किर्लोस्कर आठवतात. त्यांचेही शेवटचे नाटक अपुरे राहिले. त्यांचीही नाटके तबकडीवरच्या गाण्यांपुरती उरली. आणि ती पुन्हा सलग ऐकायची तर सुरुवात आपल्या भागातून व्हायला हवी, कारण त्यांची मुळे इथल्याच मातीत आहेत.

मराठी नाटकाचा आरंभ 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला असे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली होती, त्यांचा खेळ पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, हा भाग मात्र लवकर विसरला जातो. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्मवेळी कन्नड खेळ हजर आहे. त्याच 1843 साली 31 मार्चला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्करांचा जन्म झाला. शिकायला ते पुण्याला गेले, तिथे नाटकमंडळ्यांना पदे लिहून देऊ लागले. पुढे बेळगावात शिक्षक झाले, मग रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला लागले. बेळगावच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा हरिपूरचा होता. त्याचे नाव गोविंद बल्लाळ देवल. 'शारदा' लिहिणारे, मराठी नाटकाला सामाजिक विषयाकडे वळवणारे देवल ते हेच. बेळगावच्या एका वर्गात पुढच्या पन्नास वर्षांची संगीत रंगभूमी गुरू-शिष्य म्हणून समोरासमोर बसलेली होती.

1880 साली पुण्यात पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहून किर्लोस्करांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना पक्की झाली, आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगमंचावर आले. भाव्यांच्या खेळात गाणे बहुतेक सूत्रधाराकडे असे. पात्रे त्यावर हावभाव करत, उत्स्फूर्त बोलत. किर्लोस्करांनी गाणे पात्रांच्या तोंडी दिले आणि बोलणे लिहून दिले. दुष्यंत स्वतःच्या मनातले स्वतः गाऊ लागला. आज हे इतके स्वाभाविक वाटते की त्यातले धाडस दिसत नाही. 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदे आहेत. 18 नोव्हेंबर 1882 रोजी पहिले तीन अंक झालेल्या 'सौभद्र'मध्येही शंभराहून अधिक.

एवढ्या पदांच्या चाली आल्या कुठून? कीर्तनातून, लावणीतून, बायकांच्या गाण्यांतून, हिंदुस्थानी चिजांतून आणि कानडी पदांतून. गुर्लहोसूरच्या माणसाच्या कानावर लहानपणापासून कानडी गाणी होती, ती त्याने मराठी शब्दांना दिली. पुढे ही देवघेव उलट दिशेनेही झाली. उत्तर कर्नाटकातल्या कन्नड नाटक कंपन्यांनी मराठी संगीत नाटकाचे वळण घेतले. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर बालपणी वामनराव मास्तरांच्या कन्नड नाटक कंपनीत गात होते आणि पुढे त्यांच्या मैफलीत मराठी नाट्यपदही सहज येई. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी या वाटेवर भाषा बदलते, गाणे बदलत नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगावे लागत नाही. पण संगीत नाटकाचा इतिहास लिहिताना ही वाट एका परिच्छेदात उरकली जाते, याचे वाईट वाटते.

या शंभर-दोनशे पदांत सगळी ख्यालाच्या वळणाची नाहीत. पुष्कळशी साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीते आहेत. चार ओळी, थोडक्यात चाल, फारसा विस्तार नाही. पात्राला काही सांगायचे आहे, ते बोलण्यापेक्षा किंचित उंच स्वरात सांगून ते पुढे जाते. नाटकाची चाल या छोट्या रचनांवर चालते. मोठी पदे ही त्या वाटेवरची थांबण्याची ठिकाणे. किर्लोस्करांचे कसब मोठ्या पदांइतकेच या दोहोंच्या प्रमाणात आहे. कुठे गद्य थांबवून साकी आणायची, कुठे साकीवरून पदावर जायचे, कुठे पद टाळून पात्राला गप्प ठेवायचे, हा त्यांचा खरा हिशेब. तो हिशेब सुट्या गाण्यांत दिसूच शकत नाही.

आता ग्रामोफोनकडे येऊ. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन 1902 साली हिंदुस्थानात आला. शकुंतला आणि सुभद्रा ज्यांच्या गळ्याने महाराष्ट्राला माहीत झाल्या ते भाऊराव कोल्हटकर 13 फेब्रुवारी 1901 रोजी गेले होते. वीस-एकवीस महिन्यांच्या फरकाने तो आवाज कायमचा निसटला. त्यांच्यानंतर 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेले बालगंधर्व मात्र तबकडीवर आले, भरपूर आले. केशवराव भोसले आले, मास्टर कृष्णराव, दीनानाथ आले. त्या तबकड्या नसत्या तर आपण किती गरीब असतो याची कल्पनाही करवत नाही.

पण तबकडीची एक अट होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. रंगमंचावर वन्समोअर घेत, ऑर्गन आणि सारंगीच्या भरण्यात, रात्र चढत जाईल तसे फुलवले जाणारे पद त्या वेळात बसवावे लागले. बसवणाऱ्यांनी ते कमालीच्या कौशल्याने बसवले. ध्रुपद, अंतरा, नेमक्या चार ताना, शेवट. त्यातून एक नवीन सुंदर गोष्ट जन्माला आली. तिला आपण नाट्यगीत म्हणतो. ते मैफलीच्या शेवटी येते, आकाशवाणीवर लागते, लग्नाच्या मांडवात वाजते. साकी-दिंडी तबकडीसाठी फार लहान आणि फार साधी, म्हणून ती मुद्रित करायचे कारण कोणाला वाटले नाही. गद्य तर सुटलेच. दोन पिढ्यांनी तबकडीवरून संगीत नाटक शिकले, आणि जे तबकडीवर नव्हते ते त्यांच्या लेखी नाटकातही उरले नाही. पुढे बोलपटांनी प्रेक्षक नेला, कंपन्या बुडाल्या, प्रयोग तीन तासांवर आले, आणि रंगमंचावरही आधी कात्री लागली ती याच छोट्या रचनांना. दागिन्यातले हिरे काढून जपून ठेवावेत आणि ज्या कोंदणात ते बसवले होते ते वितळवून टाकावे, असे काहीसे आपल्या हातून झाले.

या सगळ्यात एक माणूस असा निघाला ज्याने तबकडीच्या मागे जाऊन पाहिले, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातला. बेळगावजवळच्या सुळेभावीला 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व. 1960 च्या दशकात त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला, पुढे त्याची ध्वनिमुद्रिका आली. बालगंधर्व तेव्हा हयात होते. 15 जुलै 1967 रोजी ते गेले. कार्यक्रमाच्या नावातच त्याची भूमिका आहे. कुमारांनी नक्कल केली नाही. बालगंधर्व एखादा शब्द का थांबवतात, लय कुठे सैल सोडतात, तान पात्राच्या मनःस्थितीतून कशी निघते, याचा त्यांनी स्वतःच्या गळ्याने शोध घेतला. ज्या पदांना लोक गोड, हळवी म्हणून बाजूला ठेवू लागले होते, त्यांच्यातली गायकीची शिस्त त्यांनी उघड करून दाखवली. जुने ध्वनिमुद्रण हे संग्रहालयात ठेवायची वस्तू नसून त्याच्याशी नवा संवाद करता येतो, हे त्या ध्वनिमुद्रिकेने शिकवले. या पुस्तिकेतले ऐकण्याचे धडे पुष्कळसे तिच्याकडून घेतले आहेत.

गेल्या काही वर्षांत संगीत नाटकाला पुन्हा तरुण कान मिळाले, हेही आनंदाने नोंदवायला हवे. 1967 साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'वरचा चित्रपट 2015 साली आला आणि ज्या मुलांनी कधी नाट्यपद ऐकले नव्हते ती ती गाणी म्हणू लागली. जानेवारी 2025 मध्ये खाडिलकरांच्या 1911 सालच्या 'मानापमान'वरचा चित्रपट आला. 2015 सालीच बेळगावात अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले आणि अध्यक्षस्थानी 'कट्यार'च्या गायिका-अभिनेत्री फैयाज होत्या. चित्रपट हे स्वतंत्र माध्यम आहे. त्याने कथा बदलली, पदे निवडली, नवी गाणी घातली, यात गैर काही नाही. पण चित्रपट पाहून मूळ नाटकाकडे वळणाऱ्या मुलाला आज ते नाटक सलग ऐकवायचे म्हटले तर हातात काय द्यायचे? 'सौभद्र'ची काही मुद्रणे सापडतात, ती बहुधा संक्षिप्त. 'शाकुंतल' त्याहून कमी. 'रामराज्यवियोग'पाशी आपण रिकाम्या हाताने उभे राहतो.

म्हणून या पुस्तिकेत 'रामराज्यवियोग'ला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. 1884 साली ते रंगमंचावर आले. 2 नोव्हेंबर 1885 रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, गुर्लहोसूरला किर्लोस्करांचे निधन झाले आणि नाटक तीन अंकांवर थांबले. विषय रामाच्या राज्याभिषेकाचा आणि त्याच्या पोटातून निघणाऱ्या वनवासाचा. 'शाकुंतल'ला कालिदासाचा आधार होता, 'सौभद्र'ला विवाहाचा सुखान्त. इथे घर फुटते, बाप खचतो आणि दोष एका माणसाच्या अंगावर टाकता येत नाही. शेवट नसलेले, शृंगार नसलेले, गोड समाप्तीची आशा नसलेले नाटक मागे पडावे यात नवल नाही.

पण एक गोष्ट पाहा. या नाटकात भाऊराव कोल्हटकरांनी मंथरेची भूमिका केली. महाराष्ट्राने ज्या गळ्यावर जीव टाकला, ज्याने शकुंतला आणि सुभद्रा गायली, तोच गळा किर्लोस्करांनी कैकेयीचे कान भरणाऱ्या दासीला दिला. प्रेक्षक त्या आवाजाला आधीच वश झालेला. तो आवाज आता विष पेरतो आहे, आणि कैकेयीबरोबर प्रेक्षकही ते ऐकून घेतो आहे. राजवाडा कसा मोडतो हे गद्यातून सांगण्यापेक्षा श्रोत्यालाच त्या मोहात ओढण्याची ही योजना आहे. केवळ वाचून ती कळते, पटत नाही. मंथरा गाताना ऐकली तरच पटेल. सेलिका जशी संपूर्ण ध्वनिमुद्रणाने पुन्हा नाटकाच्या मध्यभागी आली, तशी मंथरा येण्याची वाट पाहते आहे, असे मला मनापासून वाटते.

असे ध्वनिमुद्रण करता येईल का? येईल, आणि त्यासाठी केमनित्सएवढा वाद्यवृंद लागत नाही. एक ऑर्गन, तबला, सारंगी, सात-आठ गाणारे नट आणि गद्य शुद्ध बोलणारी माणसे. सर्वांत मोठी मदत छापील संहितांचीच होईल. जुन्या नाट्यपुस्तकांत पदांच्या माथ्यावर राग, ताल, आणि ज्या मूळ गाण्यावर ते बांधले त्या चालीचा उल्लेख असतो. आजचा वाचक ती ओळ ओलांडून पुढे जातो. ऐकणाऱ्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची. ती मूळ गाणी शोधली की पदे उभी राहतात. त्यांतली कानडी गाणी शोधायला पुण्या-मुंबईचा अभ्यासक आपल्याकडेच येईल, कारण ती अजून कुठे गायली जात असतील तर ती बेळगाव, धारवाड, गोकाक या पट्ट्यातच. हे काम दोन्ही भाषांच्या माणसांनी एकत्र बसून करण्याचे आहे. सीमाभागात अशा कामांची आठवण जागी ठेवणे फार गरजेचे आहे.

काही चाली सापडणार नाहीत. तिथे नवी चाल बांधावी लागेल, आणि ती नवी आहे हे स्पष्ट सांगावे लागेल. 'वास्को'च्या संपादनातून घेण्यासारखा हा धडा आहे. मूळ कोणते, नंतरचे कोणते, हे वेगळे दाखवले की ऐकणारा स्वतः ठरवू शकतो. संपूर्ण मुद्रण म्हणजे प्रत्येक ओळ पवित्र मानणे नव्हे. मायरबेर जगला असता तर त्यानेच तालमीत पुष्कळ कापले असते. किर्लोस्करही नाटकमंडळीचे मालक होते, प्रेक्षकाची नाडी त्यांना ठाऊक होती. पण काय कापायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याने सगळे ऐकले आहे त्याचा. आपण न ऐकताच कापलेले स्वीकारले आहे.

पुस्तिका कशी वापरावी याविषयी थोडे. आधी 'सौभद्र' घ्या, कारण त्यातली पदे तुमच्या कानात आधीच आहेत. मुद्रण लावा, पण जिथे पद संपते तिथे थांबू नका. पुढचे गद्य मुद्रणात नसेल तर पुस्तिकेतला प्रसंग मोठ्याने वाचा, मध्ये आलेल्या साक्या येत असतील तशा म्हणा. घरात चार माणसे असतील तर पात्रे वाटून घ्या. आपल्याकडे कीर्तनाची आणि भजनाची सवय असलेली माणसे अजून आहेत. साकीची चाल त्यांना शिकवावी लागणार नाही. मग 'शाकुंतल'. तिथे पदांची गर्दी आहे, घाई करू नका, एका बैठकीत एक अंक पुरे. 'रामराज्यवियोग' सर्वांत शेवटी, केवळ वाचून. त्या वेळी तुमचे कान तयार झालेले असतील आणि छापलेल्या चालीच्या उल्लेखावरून काही पदे तुमची तुम्हालाच ऐकू येऊ लागतील.

हे सगळे टिळकवाडीत बसून लिहिण्याला अर्थ आहे. 1924 साली याच भागात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई हनगल होत्या. इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. देशपांडे शिकवत होते, आणि बालगंधर्वांवर त्यांचे किती प्रेम होते हे वेगळे सांगायला नको. गाणे ऐकणारी, गाण्यावर भांडणारी, गाण्यासाठी रात्र जागणारी माणसे या वस्तीने पाहिली आहेत. अशा गावाने किर्लोस्करांच्या शेवटच्या नाटकाचा आवाज परत आणण्याचे काम मनावर घेतले तर ते त्याला शोभेल.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरी जुनी नाट्यपुस्तके असतील, आजीच्या हाताने पदे उतरवलेली वही असेल, एखाद्या हौशी प्रयोगाची कॅसेट असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. तिची नक्कल करून ठेवा, ज्येष्ठांकडून त्या चाली गाऊन घ्या आणि मोबाइलवर का होईना, मुद्रित करा. मोठे मुद्रण होईल तेव्हा ते या लहान मुद्रणांवरच उभे राहील. आणि ते लवकर व्हायला हवे, कारण साकी कशी म्हणायची हे तोंडाने सांगू शकणारी पिढी आज आपल्यात आहे.

टिळकवाडी, बेळगाव